‘सोड!’ ही हाक

कार्लाइल, इंग्लंड,
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय बंड्या,

जानेवारीत काकू गेल्या तेव्हा केलेला फोन शेवटचा. त्यानंतर तुझे दोन मोठे मेसेज आले आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसलो. त्याचं मला फार वाईट वाटतंय. माझी तब्येत ठीक, साखर गोळीवर आटोक्यात, गुडघा थंडीत दुखतो. हिचंही बरं. आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो, कारण काल जे झालं ते इथं कुणाला सांगून कळणार नाही. हिलासुद्धा नाही.

काल दुपारी इथून चाळीस मैलांवरच्या एका गावात मी गोलाच्या मागं उभा होतो. एका बाजूला पत्र्याचा स्टँड, कोपऱ्यात चहाची खोपटी, कुंपणापलीकडं मेंढ्या. माणसं दीडशे असतील. गोलात आमचं पोरगं. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास डावीकडनं कॉर्नर आला, उंच, वाऱ्यावर आत वळणारा, बरोबर छोट्या डीच्या रेषेवर. पोराच्याच टीमचा तो ताडमाड स्टॉपर, मधला डिफेंडर, हेड मारायला उडी घेणार, तेवढ्यात मागनं पोरगं ओरडलं, ‘सोड!’

बंड्या, ‘सोड!’ अगदी तस्सं. ‘ड’वर जोर देऊन. बॉल माझा, तू बाजूला हो, हे सांगायला इथले गोलकीपर ‘कीपर्स’ म्हणून ओरडतात, हाही एरवी तसंच ओरडतो. त्या स्टॉपरला मराठीचं अक्षर येत नाही. पण तो थांबला, मान आत घेतली आणि बाजूला झाला. पोरानं दोन माणसांच्या डोक्यावरनं बॉल काढला, छातीशी घट्ट धरला आणि खाली पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, तुझा मुलगा काय? मला होसुद्धा म्हणता येईना.

मी त्याला ही हाक कधी शिकवलेली नाही. तो पाच-सहा वर्षांचा असताना मागच्या अंगणात मीच ओरडायचो, ती त्यानं उचलली असणार. ही हाक ओळखणारे आपण किती राहिलो सांग. मास्तर गेले, त्या टीममधले तिघं गेले.

आणि हेही सांगतो, त्या गोऱ्यानं पहिल्याच हाकेला ऐकलं. तू सात वर्षांत एकदा तरी ऐकलंस का? त्या फायनलला मी घसा फाटेपर्यंत ‘सोड’ ओरडलो आणि तू डोकं घातलंस ते घातलंसच. बॉल आपल्याच जाळीत. मास्तर बोलले मात्र मला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर त्या दिवशी एवढा गलका होता की हाक ऐकूच आली नाही, असं तू आजवर सांगत आलायस. गॅलरीतल्या तुझ्या काकांना ती ऐकू गेली होती. हे भांडण मी मरेपर्यंत चालवणार आहे.

आता काळजीचं. मे महिन्यात त्याला क्लबनं सोडलं. क्लबचं नाव लिहीत नाही, त्यांनीही काही वाईट केलं नाही, इथली रीतच तशी आहे. सोळाव्या वर्षी दोन वर्षांसाठी घेतात, अठराव्या वर्षी एका खोलीत बोलावून सांगतात, ठेवतोय की सोडतोय. त्याला सांगायला पाच मिनिटं लागली नाहीत. तो बाहेर आला, गाडीत बसला, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन त्यानं ग्लोव्हज धुतले. कोमट पाण्यात, साबण न लावता, अंगठ्यानं एकेका बोटाचा चिखल काढत, मग तळवे न पिळता नुसते दाबून, आणि बोटं खाली करून नळाला टांगले. अर्धा तास लागला. ते ग्लोव्हज दुसऱ्या दिवशी कुठंही लागणार नव्हते. मी दाराबाहेर उभा होतो.

आता त्याच गावच्या क्लबनं त्याला बोलावलंय, जिथं काल तो खेळला. बाकी खेळाडू दिवसा नोकरी करतात, मंगळवार-गुरुवारी रात्री प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. आठवड्याला ऐंशी पौंड. इकडं त्याला फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळालीय. ती एक वर्ष पुढं ढकलून मी खेळतो, असं त्याचं म्हणणं. तिथं नाव झालं की लीग टूचा, म्हणजे चौथ्या डिव्हिजनचा, एखादा क्लब तिसरा गोलकीपर म्हणून घेईल, मग लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाला उसना, इकडं-तिकडं.

तुला माहीत आहे गोलकीपरचं. फॉरवर्डला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात, आपल्याला तीही नाहीत. प्रीमियर लीगचे वीस आणि खालच्या तीन डिव्हिजनचे बहात्तर धरले तर या अख्ख्या देशात ब्याण्णव जागा. बाकीचे सगळे बाकावर बसून दुसऱ्याचं बोट मोडायची वाट बघणारे. बोट मोडलंच आणि क्लबाकडं दुसरा कुणी नसला, तर सात दिवसांच्या तातडीच्या लोनवर बोलावतात. सात दिवस! बॅग भरायची, परक्या गावात राहायचं, नाव माहीत नसलेल्या चार डिफेंडरांच्या मागं उभं राहायचं, आणि आठव्या दिवशी परत.

हे सगळं मी त्याला जूनमध्ये जेवताना सांगितलं. आणि जिमी ग्लास या गोलकीपरची गोष्ट सांगितली. त्यानं केलेल्या गोलाचा व्हिडिओ मी तुला पाठवला होता, त्यावर तू ‘नाद खुळा’ एवढंच लिहिलं होतंस. त्याच्या मागचंपुढचं तुला सांगितलंच नाही.

ग्लास आपल्याच वयाचा, १९७३चा. क्रिस्टल पॅलेसमध्ये वर्षं काढली पण लीगची मॅच मिळाली नाही. पोर्ट्समथला लोनवर तीन मॅच, मग बोर्नमथला दोन मोसम बरे गेले. १९९८च्या एप्रिलात त्यांच्याबरोबर वेम्बलीला खालच्या डिव्हिजनांच्या कपची फायनल खेळला, ग्रिम्सबीविरुद्ध, आणि बरोबरीचा गोल त्याच्याच नावावर स्वयंगोल म्हणून लागला. बोर्नमथ जादा वेळेत हरलं. वेम्बलीवर, बंड्या! तू आपल्या स्टेडियमवर केलास त्याचं मी तीस वर्षं ऐकवतोय, त्याचं काय झालं असेल बघ. मग स्विंडन, तिथंही जागा गेली. इकडं कार्लाइलनं मोसम चालू असतानाच आपला गोलकीपर टोनी केग ब्लॅकपूलला विकून टाकलेला. डर्बीकडनं लोनवर आणलेला पोरगा डर्बीनं परत नेला. नवा खेळाडू घ्यायची मुदत संपलेली, त्यामुळं लीगची खास परवानगी काढून ग्लासला आणला. फक्त तीन मॅचसाठी.

तिसरी मॅच ८ मे १९९९ची, इथल्याच ब्रंटन पार्कवर, प्लिमथ अर्गाइलविरुद्ध. कार्लाइल चौथ्या डिव्हिजनच्या तळाला. जिंकले तरच वाचणार, नाहीतर १९२८पासूनची लीगमधली जागा जाणार. ९० मिनिटं झाली तेव्हा १-१. तिकडं तळाच्याच दुसऱ्या क्लबाची, स्कारबरोची, मॅच संपून त्यांची माणसं मैदानात उतरून वाचल्याचा आनंद साजरा करत होती. इकडं जादा मिनिटंही संपत आलेली. कॉर्नर मिळाला आणि लाल शर्टातला ग्लास आपला गोल उघडा टाकून सबंध मैदान धावत आला. कॉर्नर आला, कार्लाइलच्या डोबीनं हेड मारला, प्लिमथच्या गोलकीपरनं अडवला, बॉल उडाला तो ग्लाससमोर. त्यानं उजव्या पायानं असा हाणला की जाळीच फुगली. सगळं गाव मैदानात. स्कारबरो लीगबाहेर गेलं आणि २००७मध्ये तो क्लबच गुंडाळला. माझ्या लॅबमध्ये पन्नाशीपुढचं जो भेटेल तो म्हणतो, मी त्या दिवशी तिथं होतो.

आणि पुढं? कार्लाइलनं त्याला ठेवलं नाही. केंब्रिज, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड, कुठं दोन मॅच, कुठं एक. सत्ताविसाव्या वर्षी लीगमधला खेळ संपला. जुगाराच्या नादातही गेला, त्यानं ते स्वतःच जाहीर सांगितलंय. मग बरीच वर्षं डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली. आणि ज्या क्लबासाठी त्यानं तो गोल केला तो पाचच वर्षांत, २००४ला, लीगबाहेर गेला. आम्ही इथं आलो तेच वर्ष. पुढच्या वर्षी परत आत आला, आणि यंदा वसंतात पुन्हा बाहेर.

एवढं सगळं सांगून मी पोराला म्हणालो, गोलात उभं राहून कुणाचं घर चाललंय?

बंड्या, तुला हे वाक्य ओळखीचं आहे. १९९४, आमची ओसरी, आण्णा खुर्चीवर, मी दारात, तू अंगणात सायकल धरून. शब्दसुद्धा तेच. माझ्या तोंडून आण्णा बोलले आणि मला ते बोलून झाल्यावर कळलं.

पोरगं भांडलं नाही. बाजूच्या वर्किंग्टनच्या जॉन बरिजचं नाव त्यानं आधीच पुढं केलं होतं, की तो २९ क्लबांतनं खेळला आणि ४३व्या वर्षी मँचेस्टर सिटीच्या गोलात उभा राहिला, प्रीमियर लीगमध्ये त्याहून म्हातारा कुणी खेळला नाही. त्या रात्री मात्र त्यानं एवढंच विचारलं, ‘बाबा, ग्लास तुम्हाला भेटला तर पहिला प्रश्न काय विचाराल? पगार किती होता, हा?’ मी ताट घेऊन उठलो.

पहिला प्रश्न मला माहीत आहे. मधली रेषा ओलांडताना पाय जड झाले होते का, हे मी त्याला विचारेन. कारण माझे झाले होते.

आता हे तुला एकट्यालाच सांगतोय, हिलाही ठाऊक नाही. त्या मुंबईच्या बँकेच्या फुटबॉल टीमच्या ट्रायलला आण्णांनी मला जाऊ दिलं नाही, असं मी तुला सांगितलं, मास्तरांना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. तू मला चौकात म्हणालास, आण्णांचं नाव पुढं करू नकोस, तू भ्यालास. त्यावरनं मी तुझ्याशी दीड वर्ष बोललो नाही. तुझ्या लग्नाला आलो नाही. खरं काय ते ऐक. त्या दिवशी आण्णा सांगलीला गेले होते. आई काही बोलली नाही, तिनं दशम्या बांधून दिल्या. मी बॅग घेऊन स्टेशनवर गेलो. तिकीट खिशात होतं. महालक्ष्मी फलाटाला लागली होती. मी बाकावर बसून राहिलो, गाडी सुटली, शेवटचा डबा गेला, आणि मी दशम्या तिथंच खाऊन घरी आलो. मला कुणी अडवलं नव्हतं. मुंबईत माझ्यापेक्षा चांगले पाच गोलकीपर असतील आणि ते दिसेल, याची भीती होती. आण्णा वारले तोवर मी त्यांना त्याचा दोष देत राहिलो, मनात आणि कधी कधी तोंडावरही. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी तर सांगलीला होतो.

म्हणून जीव खालीवर होतोय. मी पोराला अडवतोय ते त्याच्या भल्यासाठी, की त्यानं गाडी पकडली तर मला बघवणार नाही म्हणून? रात्ररात्र हेच. एकदा वाटतं, अठरा वर्षांचं आहे, एक वर्ष गेलं तर काय बिघडतं. एकदा वाटतं, एकाची चार होतील, गुडघा जाईल, हातात ना डिग्री ना क्लब. माझं उजव्या हाताचं बोट अजून वाकडं आहे, पेन धरताना आताही टोचतंय. त्याचं डाव्याचं वाकायला लागलंय.

वहिनींना नवी शाळा मानवली का? धाकटीला सीओईपीला मिळालं हे ऐकून फार आनंद झाला, तिला माझ्याकडनं आशीर्वाद सांग. दुकानाचा गाळा शेवटी घेतलास की नाही? पाणी यंदा कुठवर आलं होतं? २०१९च्या महापुरात तू पहिल्या मजल्यापर्यंतचे फोटो पाठवले होतेस, तेव्हा मी तुला ब्रंटन पार्कचा २०१५चा पाठवला होता, पाण्यात बुडालेल्या गोलाचा. तो अजून माझ्या फोनवर आहे. अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हा आपण दोघं फोनवर रडलो होतो, कोल्हापूरचं पोरगं म्हणून. मग स्वतःच्या पोराच्या वेळी माझं असं का होतं?

कालच्या मॅचला मी त्याला न सांगता गेलो होतो. संपल्यावर त्यानं मला बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, मंगळवारी साडेसहाला निघावं लागेल, रात्री परत यायला बस नाही. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. किल्ली माझ्याकडंच आहे. हे पत्र तुला मिळेपर्यंत दोन मंगळवार होऊन जातील, पण आज लिहिता लिहिता माझं ठरलंय. मी गाडी काढणार आहे. चाळीस मैल जाऊन, काचेआड बसून, चाळीस मैल परत. वर्षभर. ॲडमिशनचं पुढच्या सप्टेंबरात बघू, तेव्हा परत भांडू.

तुझ्याकडनं एकच हवंय. त्या रात्री तू माझ्यासाठी आण्णांना समजवायला गेलास. मला त्यांनी आत पाठवलं आणि तुम्ही दोघं अंगणात बराच वेळ बोलत होता. नंतर तू काहीच सांगितलं नाहीस, आणि मग आपण बोलायचेच थांबलो, ते विचारायचं राहूनच गेलं. आण्णा तुला नेमकं काय म्हणाले? फोनवर सांगू नकोस. लिही.

तुझा,
गोलकीपर