18 व्या वाढदिवसाच्या रात्री झोपायचं कुठे?

संपादक महोदय,

मी चेंबूरला राहते आणि गेली 11 वर्षं घरगुती डबे देते. दोन वर्षांपूर्वी डबे पोहोचवायला एक मुलगा ठेवला. सकाळी साडेसहाला ये म्हटलं, तर हा पावणेसहापासून जिन्यात बसलेला असायचा. जुलैतल्या एका पावसात त्याची बॅग चिंब भिजली, म्हणून मी ती रिकामी करून वाळत घालायला घेतली. आत दोन शर्ट, एक टॉवेल आणि तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक गुंडाळून ठेवलेली दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार कार्ड. विचारल्यावर आधी काही बोलेना. मग म्हणाला, "काकू, कुर्ला टर्मिनसला झोपतो. तिथे रात्रभर गाड्या असतात, कुणी फारसं हटकत नाही."

तो संस्थेत वाढलेला. 1 जूनला 18 पूर्ण झाली आणि त्याला बालगृह सोडावं लागलं. त्याबद्दल त्याची कुणावरही तक्रार नाही. तिथल्या ताईंनी निघताना स्वतःच्या पैशातून त्याला बूट घेऊन दिले, हे तो अजून सांगतो. त्याची जन्मतारीखही खरी कुणालाच माहीत नाही. तो लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडला, डॉक्टरांनी तपासून वय ठरवलं आणि कागदावर 1 जून लागला. हाडांच्या तपासणीत वय दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं हे न्यायालयांनीही मान्य केलेलं आहे. म्हणजे तो कदाचित 17 वर्षांचा असतानाच फलाटावर झोपत होता. हा विचार मनात आला की मला आजही पोळी लाटवत नाही.

त्यानंतर मी जरा माहिती काढली, ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. 2015 च्या बालन्याय कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. बालगृह सोडलेल्या मुलाला 21 वर्षांपर्यंत, आणि 2016 च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत 23 वर्षांपर्यंत आधार देता येतो. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा, असंही त्या नियमांत आहे. सहा ते आठ मुलांनी एकत्र राहायची तात्पुरती घरं, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, हे सगळं लिहिलेलं आहे. पण कायद्याच्या कलम 46 चा सूर आर्थिक मदत "देता येईल" असा आहे, "दिलीच पाहिजे" असा नाही. या एका क्रियापदावर किती मुलांचं छप्पर टांगलेलं असेल! त्या मुलाला अनुरक्षण हा शब्दच माझ्याकडून पहिल्यांदा कळला.

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत अशा मुलांसाठी महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे. आमच्या बाजूला चाळीतली 10 बाय 12 ची खोली 8 ते 9 हजारांच्या खाली मिळत नाही, आणि वर 50 हजार डिपॉझिट. ज्याला आईबाप नाहीत त्याने हे 50 हजार कुणाकडे मागायचे? बालसंगोपन योजनेतून काका-मामांकडे राहणाऱ्या मुलांचंही तेच. महिन्याचं 2,250 रुपयांचं अनुदान 18 व्या वर्षी थांबतं आणि दाटीच्या घरात त्या मुलाची गादी आधी उचलली जाते. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने पालक-कुटुंबात, म्हणजे सांभाळायला सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात, वाढलेल्या मुलाला, त्याची आणि त्या कुटुंबाची इच्छा असेल तर, 21 वर्षांपर्यंत तिथेच राहण्याची सोय केली आहे. आपल्याकडे तसा विचार व्हायला हवा.

पैशांची सोय झाली तरी पुढे घरमालक असतात. मी स्वतः त्याच्याबरोबर सात खोल्या पाहिल्या. "गाव कुठलं? आईवडील काय करतात? त्यांना घेऊन या." संस्थेत वाढला म्हटल्यावर दोघांनी दारातूनच हात जोडले, एकाने "पोलिसांचं लफडं तर नाही ना?" असं त्याच्या तोंडावर विचारलं. आमच्या स्वतःच्या सोसायटीतही एक फ्लॅट रिकामा होता. कमिटीने बॅचलर नको म्हणून नाही सांगितलं, आणि त्या बैठकीत मी गप्प बसले. याची मला लाज वाटते. भाडेकरूची पोलीस पडताळणी जरूर करा, पण आईवडील नसणं हा गुन्हा असल्यासारखं वागू नका. मुलींची अडचण तर आणखी कठीण. त्या फलाटावर झोपू शकत नाहीत, म्हणून जो कुणी छप्पर देईल त्याच्याशी घाईने लग्न करून टाकतात.

माझं सरकारला एवढंच सांगणं आहे की डिपॉझिटची हमी महिला व बाल विकास विभागाने घ्यावी. भाडं मुलं कमावून भरतील, अडतं ते डिपॉझिटपाशी आणि जामिनाच्या सहीपाशी. म्हाडा आणि पालिकेच्या ताब्यातल्या घरांपैकी मोजकी घरं सहा-आठ मुलांच्या गटांना दोन-तीन वर्षांसाठी द्यावीत. मात्र प्रदूषणामुळे ज्या माहुलमध्ये राहायला लोक तयार नाहीत, तिथली नकोत. अनाथ प्रमाणपत्र आणि बँक खातं मुलाच्या हातात बालगृहातून निघण्याआधी पडलं पाहिजे. 2018 मध्ये राज्याने अनाथांना 1 टक्का आरक्षण दिलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण फलाटावर झोपून एमपीएससीचा अभ्यास कसा होणार?

आमच्या मुलाला शेवटी मानखुर्दला खोली मिळाली, आणखी तिघांबरोबर. करारावर जामीन म्हणून माझ्या यजमानांची सही आहे. आता तो रात्रीच्या कॉलेजात जातो आणि सकाळी बरोब्बर साडेसहाला येतो, आधी नाही. त्याच संस्थेत त्याचा एक धाकटा मित्र आहे. त्यालाही येत्या 1 जूनला 18 पूर्ण होतील. नियमाप्रमाणे त्याचा आराखडा एप्रिलच्या सुरुवातीला तयार असायला हवा. तो झाला का, हे विचारायला आम्ही दोघं जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाणार आहोत.

आपली विश्वासू,
एक वाचक, चेंबूर, मुंबई