मेंढपाळाची गाडी घेताय? आधी वजन विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या सुट्टीवर लेख आला होता, त्यात शेफर्ड्स हटचा फोटो होता आणि खाली 'मेंढपाळाची झोपडी' असं छापलेलं. झोपडी नाहीये ती, चाकावरची खोली आहे, आणि सध्या मी स्वतः तसलाच एक छोटा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे कारमागे जोडून न्यायची झोपायची खोली, विकायला काढलाय म्हणून राहवलं नाही.

मी मूळचा माण तालुक्यातला, गेली १४ वर्षं इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये राहतो. इथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर १९व्या शतकात मेंढ्या दिवसा माळावर चरायच्या आणि रात्री शेतात कोंडायच्या, म्हणजे लेंडीखत आपोआप शेताला. आपल्याकडे वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून शेतात मेंढ्या बसवतात ना, अगदी तेच! आपला धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून निघतो आणि जाईल तिथे पाल टाकतो, इथला मेंढपाळ बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चार चाकांवरची पत्र्याची खोली घोडा जुंपून शेतात न्यायचा. मेंढ्या व्यायच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे तो तिथेच. दार मधोमध आडवं कापलेलं, वरचा अर्धा भाग वेगळा उघडतो, दोन्ही बाजूंना खिडक्या म्हणजे आतूनच कळप दिसावा, कोपऱ्यात छोटी शेगडी, आणि पलंगाखाली अशक्त कोकरं उबेला ठेवायला पिंजऱ्यासारखी जागा. ती जागा पहिल्यांदा एका जुन्या हटमध्ये बघितली तेव्हा मला आमचे आजोबा आठवले, नुकतं जन्मलेलं कोकरू घोंगडीत गुंडाळून छातीशी धरून बसलेले. खरं सांगायचं तर ट्रेलर घेतला तो त्यामुळेच.

आता हे हट श्रीमंतांच्या बागेत गेलेत. २०१७ मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी लिखाणासाठी साधारण २५ हजार पौंडांचा घेतला, तेव्हा इथल्या पेपरांत बरंच गाजलं होतं. पण ते बिडाच्या चाकांचे हट कारमागे लावून रस्त्यावर नेता येत नाहीत, लॉरीवर चढवूनच न्यावे लागतात. माझा तसा नाही. छत तसंच गोल आणि पत्र्याचं, दारही तसंच अर्धं उघडणारं, पण खाली ट्रेलरची चॅसी, रबरी टायर आणि ब्रेक. आत दोघांचा पलंग आणि लाकडं जाळायची शेगडी.

जाहिरात टाकल्यापासून ढीगभर मेसेज आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, फायनल किती? वजन एकानेही विचारलं नाही. गेल्या महिन्यात एक मराठी जोडपं लंडनकडून बघायला आलं, गोड पोरं होती, त्यांनी कारला मागे हुकही लावून आणलेला. कार इलेक्ट्रिक. मी म्हटलं जरा दाराजवळची प्लेट बघू. त्या प्लेटवर वजनाचे आकडे असतात, पहिला नुसत्या भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून, दुसऱ्यातून पहिला वजा केला की किती ओढता येतं ते कळतं. त्यांच्या प्लेटवर दुसरा आकडाच नव्हता, म्हणजे ती कार ट्रेलर ओढायला बनलेलीच नाही, तो हुक फक्त सायकलींच्या रॅकसाठी. मुलगा म्हणाला, "दादा तुम्ही द्या हो, हळू नेऊ आम्ही." मी दिला नाही, डिपॉझिटही घेतलं नाही. दोघं नाराज होऊन गेले आणि मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, पण देणं शक्यच नव्हतं.

कारण मी स्वतः यातून गेलोय. मला ज्याने विकला त्याने सांगितलं होतं ९०० किलो, आणि मी विश्वास ठेवला. पहिल्याच ट्रिपला ए-३०३ हायवेवर उताराला ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागलं आणि मागून आख्खी कार ओढली जायला लागली, मागच्या सीटवर दोन्ही मुलं. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ब्रेक दाबला नाही, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी ट्रेलर वजनकाट्यावर नेला, आपल्याकडे कारखान्यावर उसाची ट्रॉली नेतात तसा, तर भरलं ११५० किलो! त्यात मी पाण्याचे कॅन आणि लाकडं सगळी मागच्या बाजूला ठेवलेली. कारच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार यायला हवा, तो नसला की शेपूट हलतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना मोठा ट्रेलर ओढायला वेगळी टेस्ट द्यावी लागायची, डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली, आता ३५०० किलोपर्यंत चालतं. मला स्वतःला हे पटलेलं नाही. लायसन्स चालतं म्हणजे आपली कारही ओढेल असं लोक धरून चालतात. ब्रेक नसलेला ट्रेलर तर ७५० किलोच्या वर चालतच नाही, छोटी कार असेल तर त्याहूनही कमी.

आणि कागद. कारचं जसं लॉगबुक (आपल्याकडचं आरसी बुक) असतं तसं या ट्रेलरला काहीच नसतं, मागची नंबरप्लेटसुद्धा ओढणाऱ्या कारचीच लावायची, त्यामुळे चोरीचा माल सहज खपतो. मूळ बिल मागा, चॅसी नंबर जुळवून बघा. दुकानदाराकडून घेतला तर इथला २०१५ चा ग्राहक कायदा पाठीशी आहे, माझ्यासारख्या घरगुती विकणाऱ्याकडून घेतला तर तो संरक्षण देत नाही, जे सांगितलं ते खरं होतं का एवढ्यावरच भांडता येतं, म्हणून वजन, गळती, टायर सगळं मेसेजवर लिहून घ्या. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी नवी दिसते पण उभ्याउभ्या रबर म्हातारं होतं. आणि शेगडी असलेल्या एवढ्याशा खोलीत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म नसेल तर कृपा करून त्यात झोपू नका.

साहेब, तुमचा पेपर इथल्या पोरांचे आईवडील वाचतात आणि कात्रणाचा फोटो काढून पाठवतात, आपल्या राज्यातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय, त्यामुळे असे लेख वाढणारच. तेव्हा पुढच्या वेळी सुंदर फोटोशेजारी वजन, ब्रेक आणि गाडीची क्षमता यावर चार ओळींची चौकट छापाल का, एवढीच विनंती.

माझा ट्रेलर अजून अंगणात उभा आहे. काट्याची पावती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलीये, येईल त्याला आधी ती वाचायला लावतो.

आपला,
एक वाचक, विल्टशायर, इंग्लंड