चषकाआधी २० सामने खेळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये महाविद्यालये भरू लागली की जिमखान्याच्या भिंतीवर फुटबॉल संघाचा फलक लागतो: 'यंदा विद्यापीठ चषक आपलाच!' चार-चार वर्षे पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्या संघाच्या जिमखान्यातही तो लागतो. फलकाला आमची हरकत नाही, पडत्या संघाने तर ध्येय मोठेच ठेवावे. पण फलक लागल्यापासून स्पर्धेपर्यंत काहीच घडत नाही, दुखणे तिथे आहे. परिपत्रक आले की सूचनाफलकावर नावे मागवायची, पंधरा दिवस पळवायचे, नवे जर्सी शिवून घ्यायचे आणि ०-४ हरून दुपारच्या एसटीने परत यायचे. पुढच्या जूनमध्ये तोच फलक.

आता हिशेब मांडून पाहा. शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी कोल्हापूर, सांगली, सातारा असे विभाग असतात. आधी विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. सामने बहुधा बाद पद्धतीचे. म्हणजे पहिल्या फेरीत हरणारा संघ वर्षभरात एकच स्पर्धात्मक सामना खेळतो. पदवीच्या तीन वर्षांत त्या मुलाच्या वाट्याला तीन सामने येतात. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल संघातून शाहू स्टेडियमवर उतरणारा मुलगा एका हंगामात याच्या कितीतरी पट खेळून मोकळा होतो. तीन सामन्यांत कोणी फुटबॉल शिकत नाही, मग प्रशिक्षक कितीही मोठा आणा. म्हणून पडत्या संघाचे पहिले महत्त्वाकांक्षी ध्येय चषक हे नसावे, वर्षाला २० सामने हे असावे. ऐकायला साधे वाटते, पण करून पाहिल्यावर कळते की चषकाची घोषणा याहून फार सोपी आहे.

हे २० सामने आणायचे कुठून? स्पर्धेआधी ८ आणि नंतर १२ अशी विभागणी करावी. शेजारची दोन महाविद्यालये, अभियांत्रिकीचे वसतिगृह, तालमींचे दुय्यम संघ, १९ वर्षांखालील शालेय संघ, पोलीस मुख्यालयाचा संघ असेल तर तो. पंच म्हणून जिल्हा संघटनेच्या यादीतला खरा पंच घ्या, त्याचे मानधन जिमखाना निधीतून द्या. आपलाच शिक्षक शिट्टी घेऊन उभा राहिला की ऑफसाइडचा निर्णय घरचा होतो आणि स्पर्धेत पोरे पंचाशी हुज्जत घालून पिवळी कार्डे घेतात. पहिले तीन सामने जिंकता येतील अशांशीच ठेवा. यात लाज नाही.

अमेरिकेतला 'कॉलेज फुटबॉल' हा बहुतांशी हाताने खेळायचा वेगळाच खेळ, पण तिथले एक उदाहरण इथे चपखल बसते. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत एकही सामना जिंकला नव्हता. १९८९ मध्ये बिल स्नायडर प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी १ विजय आणि १० पराभव. पुढच्या वर्षी ५ विजय, मग ७, मग १९९२ ला पुन्हा घसरून ५, १९९३ मध्ये ९ आणि १९९८ च्या नियमित हंगामात ११ पैकी ११. त्यांनी खेळाडूंना १६ सूत्रे दिली होती. जिंकण्याची अपेक्षा धरा, हे त्यांत होतेच, पण रोज सुधारणा करा आणि चुका काढून टाका, हेही होते. आपल्या गटाबाहेरचे प्रतिस्पर्धी ते मुद्दाम सोपे निवडत. त्यावर टीका झाली, पण हरायची सवय लागलेल्या पोरांना जिंकण्याची चव आधी द्यावी लागते. आपल्याकडच्या व्यवस्थापनांनी यातला एक आकडा भिंतीवर लावावा: पहिल्या वर्षी १ विजय. त्या वर्षाअखेर प्रशिक्षक बदलला असता तर पुढचे काही घडले नसते. आपल्याकडे प्रशिक्षक पंधरा दिवसांच्या मानधनावर येतो आणि हरला की पुढच्या वर्षी दुसरा. नेमणूक निदान जुलै ते फेब्रुवारी आणि सलग तीन वर्षांची हवी.

सरावाबद्दल. आठवड्यात ४ दिवस, सकाळी पावणेसहा ते सव्वासात, रविवारी सामना. विज्ञान शाखेच्या मुलांची प्रात्यक्षिके कोणत्या दिवशी सकाळी आहेत ते विभागप्रमुखांकडून जुलैतच लिहून घ्या, नाहीतर मंगळवारी निम्मा संघ गायब असतो आणि प्रशिक्षक पोरांच्या नावाने खडे फोडत बसतो. साहित्य फार लागत नाही. २२ खेळाडूंना १२ चेंडू, म्हणजे दोघांत एक, मैदानावर खुणेला ठेवायचे ४० मार्कर, दोन रंगांच्या प्रत्येकी १२ बिब (जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या), गोलाच्या दोन जाळ्या, काटा असलेला पंप, सहा पिना आणि बर्फाची पेटी. बऱ्याच जिमखान्यांत चेंडू तीन असतात. तीन चेंडूंत २२ जण म्हणजे १९ जण रांगेत उभे. तिथे प्रशिक्षक काय करणार? मैदानाला फेऱ्या मारायला लावतो. चेंडूत हवा किती भरावी याचाही अंदाज नसतो. नियमात ८.५ ते १५.६ पौंड आहे. आपल्या मुरमाड, कडक मैदानांवर ९-१० पौंडांवर चेंडू आवाक्यात राहतो. सायकलच्या दुकानात टणक करून आणलेला चेंडू छातीवर घेताच चार हात उडतो, आणि मग मुलगा छातीवर घेणेच सोडून देतो.

'ग्राउंडच्या दहा फेऱ्या' ही आपल्याकडची जुनी खोड. फुटबॉलमधले धावणे तुटक असते: दहा-पंधरा मीटर जोरात, थांबणे, वळणे, पुन्हा जोरात. त्यासाठी ३० बाय २० मीटरच्या चौकोनात चारास चार खेळवा, चार मिनिटांचे सहा डाव, मध्ये दोन-दोन मिनिटे विश्रांती. दम, पास आणि मार्किंग, तिन्ही एकदम होतात. त्याआधी फिफाचा '११+' हा २० मिनिटांचा वॉर्मअप रोज घ्यावा: ८ मिनिटे हलके धावणे, १० मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटे वेगाचे धावणे. तो फुकट आहे, साहित्य लागत नाही, आणि नियमित केला तर दुखापती ठळक कमी होतात हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे. पंधरा दिवसांच्या तयारीत दुसऱ्या आठवड्यात हमखास तीन-चार जणांचे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरते. दोन महिने खुर्चीत बसलेल्या पायांना एकदम रोज दीड तास पळवल्यावर दुसरे काय होणार? जुलैत तीन दिवस आणि तासभर, ऑगस्टपासून चार दिवस, असे चढवत न्यावे.

आता वहीबद्दल, कारण आमच्या मते सगळ्या योजनेचा कणा तो आहे. प्रत्येक सामन्याला बाकावरच्या एका राखीव खेळाडूच्या हातात वही द्या. त्याने चारच गोष्टी लिहायच्या: आपले गोलावर गेलेले फटके, त्यांचे फटके, दोघांचे कॉर्नर, आणि खाल्लेला प्रत्येक गोल कोणत्या मिनिटाला, कुठून, कोणाच्या अंगावरून. एक नोंद अशी असते: '६३ मि., डावा कॉर्नर, दुसरा खांब मोकळा, ७ नंबर चेंडू बघत उभा.' पाच-सहा सामन्यांनंतर पाने उलटली की संघ का हरतो ते कागदावर येते. 'पोरांत जिद्द नाही' हे कारण त्यात कुठे सापडत नाही. दिसते ते असे की बरेच गोल शेवटच्या वीस मिनिटांत जातात, आणि बरेच कॉर्नर आणि थ्रो-इनवरून जातात. मग पहिल्या वर्षाचे ध्येय आपोआप ठरते: कॉर्नरवरून गोल खायचा नाही.

ते कसे करायचे? गोलरक्षक सोडून दहा जण. एक जवळच्या खांबाशी. चौघे साडेपाच मीटरच्या चौकोनाच्या रेषेवर, त्यातला शेवटचा दुसऱ्या खांबाच्या समोर. तिघे त्यांच्या तीन उंच खेळाडूंना चिकटून. एक डीच्या तोंडाशी, म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर, बाहेर पडणाऱ्या चेंडूसाठी. एक पुढे मध्यरेषेवर, म्हणजे त्यांचे निदान दोन बॅक (बचावपटू) मागे अडकतात. चुकते कुठे? नवे संघ दहाच्या दहा जण आत आणतात, डीच्या तोंडाशी कोणी नसते आणि परत आलेला चेंडू त्यांचा हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) सरळ जाळीत मारतो. दुसरी चूक आवाजाची. गोलरक्षकाने 'माझा' किंवा 'मार' यातला एकच शब्द चेंडू हवेत असतानाच ओरडायचा. उशिरा ओरडला की स्टॉपर (मधला बचावपटू) आणि तो एकमेकांवर आदळतात. तिसरी चूक म्हणजे चेंडू डोक्याने बाहेर काढल्यावर सगळे जागच्या जागी उभे. तो निघाला की सगळ्यांनी एकदम पुढे सुटायचे. शुक्रवारी २० मिनिटे, १५ कॉर्नर, सगळ्या जागा ठरलेल्या, असे सहा आठवडे. यापेक्षा स्वस्त सुधारणा फुटबॉलमध्ये नाही.

गोलरक्षकाला एक नवा नियमही सांगून ठेवा. २०२५ पासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, आणि पंच शेवटची पाच सेकंदे हात वर करून मोजतो. आघाडी घेतल्यावर वेळ काढणाऱ्या आपल्या गोलरक्षकांना हे महागात पडेल. टायब्रेकरचे पाच जण आणि त्यांचा क्रम आधीच ठरवा. सराव संपल्यावर, पाय जड झालेले असताना, प्रत्येकाने आठवड्याला दहा पेनल्टी माराव्यात. ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टीतून काहीच कळत नाही.

मैदानावर हरण्याआधी टेबलावर हरणारे संघही कमी नाहीत. पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही नाही, ओळखपत्र नूतनीकरण केलेले नाही, बारावीची गुणपत्रिका गावी राहिली, शिनगार्ड (नडगीवरच्या संरक्षक पट्ट्या) नाहीत म्हणून पंचाने उतरू दिले नाही, दोन्ही संघांचे जर्सी निळे आणि दुसरा संच आणलेला नाही. ही सगळी कामे ३१ जुलैपर्यंत एका फाइलमध्ये व्हावीत. बदली खेळाडू किती उतरवता येतात हे त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

कोल्हापुरात वेगळीच अडचण आहे: चांगली पोरे आधीच तालमीची असतात. महाविद्यालय त्यांना दोन दिवसांसाठी मागते, तालीम नको म्हणते, पोरगा मधल्या मध्ये सापडतो. यात भांडून काही मिळत नाही. जूनमध्येच तालमीच्या प्रशिक्षकाला तारखांचे पत्र द्यावे आणि आपली वही त्यालाही दाखवावी. रविवारी तालमीसाठी पूर्ण सामना खेळलेल्या मुलाला सोमवारी सकाळी चेंडूला हात लावू देऊ नका, ४८ तास सोडा. आणि तालमीचे पाच आले म्हणून नियमित सरावाला येणाऱ्या पाचांना एकदम बसवू नका, नाहीतर पुढच्या वर्षी सरावाला कोणी येणार नाही. आमच्या मते सरावाची ८० टक्के हजेरी नसलेल्या मुलाला अकरात घेऊ नये, तो कितीही नावाजलेला असला तरी. हा नियम पहिल्या वर्षी एखादा सामना हरवील. हरवू द्यावा.

दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले निघून जातात, हे माहीत असूनही संघ त्यांच्यावरच बांधला जातो. २२ जणांत प्रथम वर्षाचे ८, द्वितीयचे ७ आणि शेवटच्या वर्षाचे ७, असा साधारण मेळ ठेवा. ज्यांचे कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात आहे त्यांनी अकरावीच्या मुलांना पहिल्या दिवसापासून सरावात घ्यावे. ती मुले शालेय स्पर्धेत खेळतील, पण तीन वर्षांनंतरचा संघ तोच आहे.

म्हणजे फलकावर लिहायचे ते असे. पहिले वर्ष: २० सामने, कॉर्नरवरून एकही गोल नाही, स्पर्धेत एक फेरी पार. दुसरे वर्ष: विभागाची उपांत्य फेरी. तिसरे वर्ष: विभागाचे विजेतेपद आणि विद्यापीठाच्या संघात निदान तीन मुले. पहिल्या वर्षी ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या सोडतीत, बलाढ्य संघ समोर येऊन पहिल्याच फेरीत हरलात तर फलक उतरवू नका. वही काढा आणि २० पैकी किती सामने झाले ते मोजा. बाराच झाले असतील तर दोष ड्रॉचा नाही.

मुलींचा संघ उतरवणारी महाविद्यालये अजून थोडी आहेत. त्यामुळे मोठे यश सगळ्यात लवकर तिथे मिळू शकते, आणि वर लिहिलेले सगळे तिथेही जसेच्या तसे लागू आहे. फक्त कपडे बदलायची खोली आणि सकाळच्या सरावाला येण्या-जाण्याची सोय आधी पाहावी लागते. ती नाही म्हणून ऑगस्टमध्ये १६ असलेल्या मुली सप्टेंबरात ९ उरतात.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. आंतरमहाविद्यालयीन सामन्याचा निकाल आपण 'अमुक संघाची तमुकवर ४-० ने मात' एवढाच छापता. त्यासोबत गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला केले तेही छापावे. दोनच ओळी वाढतील. हरलेल्या संघाला ते कात्रण वहीत चिकटवता येईल.

आपले,
महाविद्यालयीन फुटबॉलचे दोन प्रशिक्षक, कोल्हापूर