कंबरेचा एमआरआय काढला, पण एसआय सांधे पाहिले का?

संपादक महोदय,

कंबरदुखीने हैराण झालेल्या तरुणांच्या हाती बहुधा ‘गादी सरकली’ असा अहवाल पडतो आणि पट्टा बांधून पडून राहण्याचा सल्ला मिळतो. दुखणे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे असेल, तर हा सल्ला नुकसान करतो. या आजारात मणक्यांना आतून दाह (सूज) होतो आणि विश्रांतीने कंबर अधिकच आखडते.

फरक रुग्णाच्या बोलण्यातूनच कळतो. गादीचे दुखणे वाकल्याने, ओझे उचलल्याने वाढते आणि आडवे झाल्यावर हलके होते. दाहाचे दुखणे चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होते, तीन महिने उलटले तरी हटत नाही, पहाटे झोपमोड करते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग ताठ राहते, चालल्या-फिरल्यावर मोकळे होते. कधी डावा कुल्हा ठणकतो, कधी उजवा. सोबत डोळा लाल होऊन दुखणे, टाच सुजणे किंवा सोरायसिस हा त्वचेचा आजार असेल, तर संशय पक्का धरावा. बायकांनाही हा आजार होतो. त्यांची कंबरदुखी बाळंतपणावर ढकलू नये.

दाहाची सुरुवात सहसा कण्याच्या तळाशी, एसआय (सॅक्रोइलियाक) सांध्यांत, म्हणजे कणा कटीच्या हाडांना जुळतो तिथे होते. लंबर स्पाइनच्या (कंबरेच्या मणक्यांच्या) नेहमीच्या एमआरआयमध्ये हे सांधे पुरते येत नाहीत. दिसतो तो डिस्क बल्ज, म्हणजे गादीचा फुगवटा. तो न दुखणाऱ्या कंबरेतही सापडतो, पण शोध तिथेच थांबतो. आधी या सांध्यांचा साधा एक्स-रे काढावा. त्यात बदल उमटायला वर्षे लागतात, म्हणून तो नॉर्मल आला तर ‘एमआरआय एसआय जॉइंट्स, स्टर सिक्वेन्स’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. स्टर ही एमआरआयची सूज दाखवणारी पद्धत आहे. हाडाच्या मगजातली सूज त्यात दिसते. कॉन्ट्रास्टचे (शिरेतून द्यायच्या औषधाचे) इंजेक्शन सहसा लागत नाही. बाळंतिणी आणि धावपटूंतही थोडी सूज दिसते, हे ध्यानात असावे. सांधा एकाच बाजूचा खराब असेल, ताप असेल, वजन घटत असेल, तर आपल्याकडे आधी टीबी तपासायलाच हवा.

ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या नॉर्मल असल्या तरी आजार असू शकतो. एचएलए बी-२७ या आनुवंशिक खुणेची चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही, आणि निगेटिव्ह असूनही काहींना होतो. केवळ या चाचणीवर निदान करू नये.

एमआरआय केंद्रांना आमची कळकळीची विनंती आहे. पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णाच्या लंबर स्पाइन तपासणीत एसआय सांध्यांचा एक कोरोनल (समोरून पाहिल्यासारखा छेद दाखवणारा) स्टर सिक्वेन्स जोडावा. त्याला काही मिनिटेच जास्त लागतात.

– संधिवात उपचारातील काही डॉक्टर, पुणे