गोळीचं तेवढं ऐक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, तेव्हा आई म्हणाली, आता दोन दिवस तरी तिला फोन करू नका. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो.

तू योगासनं करतेस याचा मला राग नाही, कसा असेल? एसटीत जन्मभर क्लच दाबून डावा गुडघा गेला. मांडी आजही घालता येत नाही, पण मंडईतून पिशवी घेऊन चालत येतो ते वर्गाला जातो म्हणूनच. आमचे सर पुण्याला अय्यंगारांच्या संस्थेत शिकलेले, १९७५ साली निघालेल्या. तिथल्यासारखेच पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या इथं शाळेच्या हॉलमध्ये आहेत. भारद्वाजासन मी खुर्चीत बसून करतो, वीरभद्रासन खुर्चीला धरून. वज्रासन बंद. शेजारचे कुलकर्णी हसतात. हसू देत.

पण माझा गुडघा झिजलाय, तुझा आमवात तसा नाही. तुझी प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठलीय, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं ना? आसनांनी आखडलेपण कमी होतं, स्नायूंत ताकद राहते, झोप बरी लागते. आतला दाह आवरायला मात्र गोळी लागते. त्या शिबिरातल्या गृहस्थांनी गोळ्यांना विष म्हटलं आणि तू मेथोट्रेक्सेट सोडलीस? तिसऱ्याच आठवड्यात? अगं, तिचा गुण यायलाच दोन-तीन महिने जातात.

असो. गोळीवर बोलायचं नाही असं आईला कबूल केलं होतं.

सूर्यनमस्काराचं तेवढं ऐक. मनगट सुजलेलं असताना त्यावर अंगाचा भार टाकू नकोस. भिंतीला हात टेकून कर, नाहीतर सूज उतरेपर्यंत नुसतं श्वासाचं कर. दुखरा सांधा ताणला की मोकळा होतो, हे तुला कुणी सांगितलं? पुन्हा उपदेश झाला. रागावू नकोस.

सकाळी तासभर मूठ मिटत नाही म्हणालीस, तेव्हापासून एकच डोळ्यांपुढं येतंय. डेपोत उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला लोंबकळायचीस, बोटं पांढरी पडेपर्यंत. शिंदे कंडक्टर सोडवायला आले की आणखी घट्ट धरायचीस. "साहेब, पोरगी गाडी चालवणार," म्हणायचे. आता तू पूल बांधतेस. त्या साइटचा हेल्मेटमधला फोटो मी डेपोत सगळ्यांना दाखवलाय, चहावाल्यालासुद्धा.

आणि अक्का आठवते. शेवटी भाकरी थापायला तळहात तेवढा उरला होता, बोटं करंगळीकडं झुकलेली. नळ मनगटानं सोडायची. तिच्या वेळी गावात निर्गुडीचा पाला आणि शेक, दुसरं काही नव्हतं. तुझ्यापाशी औषध आहे, मनू, आणि तू ते कपाटात ठेवलंयस.

स्वतःच्या मनानं सुरूही करू नकोस. आधी डॉक्टरांना भेट, बंद केली होती हे सरळ सांग. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. राहिलेले डोस एकदम घ्यायचे नसतात. रक्त आणि लिव्हरच्या तपासणीचा कागद मला व्हॉट्सॲपवर टाक. मला त्यातलं कळत नाही, तरी टाक. सोबत कुणी हवं असेल तर रात्रीच्या गाडीनं मी निघतो, तिकीट फुकट आहे समज.

आईनं मेतकूट पाठवलंय. बरणीत नाही, पिशवीत बांधलंय, झाकणाशी झटावं लागू नये म्हणून.

तुझा,
बाबा