ऑपरेशन झालं, पुढच्या गोळ्यांचं काय?

महोदय,

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या हृदयाची झडप गेल्या वर्षी बदलली. दिघ्याला राहतात त्या. लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे. त्याच दुखण्याने पुढे झडप खराब केली. काही पैसे आमच्या सोसायटीतून जमले, बाकीचा खर्च एका ट्रस्टने रुग्णालयाच्या नावे चेक देऊन भागवला. त्या दात्यांना मी आजही मनापासून हात जोडते.

परवा मावशींनी पाण्याबरोबर गोळी घेताना पिशवीतली स्टीलची डबी उघडली. आत सगळ्या गोळ्या विळीवर कापून अर्ध्या केलेल्या. डॉक्टरांनी अख्खी सांगितली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "अशी दोन महिने पुरते, काकू."

ती गोळी रक्त पातळ ठेवण्याची आहे. धातूची झडप बसवली की ती जन्मभर घ्यावी लागते, आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी वरचेवर करून मात्रा ठरवावी लागते. कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. तपासणीला जायचं म्हणजे तिचे पैसे, रिक्षा आणि चार घरची कामं बुडणार. मावशी तीन महिने गेल्याच नव्हत्या.

आपल्याकडे मदत ऑपरेशनपाशी थांबते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे कायद्याची भाषाही खाटांचीच. खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया एक रुपयाही न घेता होते, हा आपल्या शहराचा केवढा अभिमान! पण मावशींसारख्या मोठ्या माणसांना घरी आल्यावर कोण विचारतं?

माझी ट्रस्टांना कळकळीची विनंती आहे, की ऑपरेशनचा चेक लिहितानाच वर्षभराच्या गोळ्या-तपासण्यांचे पैसे वेगळे काढावेत. दर महिन्याला एक फोनही करावा. आणि महापालिकेने ऐरोलीच्या राजमाता जिजाऊ रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी, कामं आटोपल्यावर येता येईल अशा वेळी, ही तपासणी मोफत ठेवावी.

मावशींना उद्या सकाळी मी स्वतः तपासणीला घेऊन जात आहे. उद्या पोळ्या मीच करीन.

– एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई