भांड्याचा कान डावीकडं वळवलात

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि पावतीवरचं दुकानाचं नाव इथं लिहिलेलं तुम्हाला आवडेल असं वाटत नाही. महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत दुकान, दारात तांब्याच्या कळश्यांची उतरंड, आत लाकडी बाकडं. एवढ्यावरून तुम्ही ओळखालच. गेल्या महिन्यात एका मंगळवारी भर दुपारी मी वडिलांना घेऊन आले होते. तो पाऊण तास मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आप्पांना कंपवात आहे. उजवा हात थरथरतो, डावा अजून बऱ्यापैकी चालतो. ते धारवाडला शिकायला होते तेव्हापासून कॉफीचे, आई चहाची, तीही गवती चहाची. आमच्या घरी सकाळचा पहिला कप आप्पांनी करायचा ही लग्नापासूनची रीत. पहाटे साडेचारला उठून आधी आईचा चहा, मग स्वतःची कॉफी. हात थरथरायला लागला तसं आम्ही त्यांना गॅसजवळ जाऊ देईना. काळजीपोटीच केलं. पण नंतर बघते तर ते साडेचारला उठून अंधारात नुसते खुर्चीवर बसून राहायचे, सहाला मी उठेपर्यंत.

म्हणून पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी किटली आणली, आणि भाच्यानं काचेचं फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्यानं कॉफी गाळायचं भांडं, दिलं. गाळणं नको, ओतताना दोन भांडी नकोत, वरून दट्ट्या दाबला की झालं. आठव्या दिवशी ते सिंकच्या कडेला आपटलं. काच नि गरम चोथा सगळा पायावर. भाजलं थोडक्यात, पण त्यांचा धीर गेला.

मग एका मोठ्या शोरूममधून स्टीलचं आणलं. ‘इन्शुलेटेड’ म्हणून 2,400 रुपये मोजले. उकळतं पाणी ओतलं की बाहेरून हात लावता येईना आणि पंधरा मिनिटांत कॉफी कोमट. जाळीची कड सैल, प्रत्येक घोटाला दाताखाली भुकटी. आप्पांना घेऊन तक्रार करायला गेले. तिथल्या माणसानं भांडं उघडूनसुद्धा बघितलं नाही. आप्पा शेजारी उभे असताना त्यांच्याकडं न बघता मला म्हणाला, “मॅडम, यांच्या हातात देताच कशाला?” आप्पा काही बोलले नाहीत. जिना उतरताना त्यांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून ठेवला होता.

काका, तुमच्याकडं आलो तेव्हाही तो हात खिशातच होता.

तुम्ही आधी आप्पांना बसवलंत आणि त्यांनाच विचारलंत, “मास्तर वाटता. कुठं होता शिकवायला?” मला अजून कळलेलं नाही तुम्ही ओळखलं कसं. आप्पांनी इतिहास शिकवत तीस वर्षं काढलीत. कुणी विचारावं एवढंच पाहिजे होतं. नाव फ्रेंच प्रेस असलं तरी 1929 साली त्याचं पेटंट घेतलं ते मिलानच्या कालिमानी आणि मोनेता या दोघा इटालियनांनी, आणि त्याच्याही आधी 1852 मध्ये फ्रान्समध्ये अशाच भांड्याचं पेटंट निघालं होतं, हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं. दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंत.

मग दोन भांडी काढलीत. दिसायला सारखीच. दोन्हींत किटलीतलं उकळतं पाणी ओतलंत आणि म्हणालात, “आता दहा मिनिटं गप्पा मारू.” दहा मिनिटांनी आमचे हात धरून दोन्हींच्या अंगाला लावलेत. एक चटका बसावा इतकं तापलेलं, दुसरं गार. “दोन पत्रे दोन्हींनाबी हायत. पण याच्या मधली हवा काढल्याली हाय, त्याच्यात नुसती हवाच हाय. हवा गेली की उष्णता जाणार कुठनं?” थर्मासचंच तत्त्व, पण शोरूममधल्या चकचकीत खोक्यावर ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. जाळी काढून तिची कड भांड्याच्या आतून गोल फिरवून दाखवलीत, कुठं फट राहते का ते. लिटरचं मागत होते मी, तर तुम्ही 350 मिलिचंच दिलंत. मोठ्या भांड्यात थोडंच पाणी घेतलं तर ते लवकर निवतं आणि जाळीही नीट खाली पोचत नाही म्हणालात. महागाचं विकायची संधी तुम्ही सोडलीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

आणि मग ते, ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय.

तुम्ही आतून कॉफीची पूड आणलीत, घातलीत, पाणी ओतलंत, झाकण ठेवलंत. चार मिनिटं झाल्यावर मला वाटलं, आता तुम्हीच दाबून दाखवणार. तुम्ही खांद्यावरचं फडकं ओलं केलंत, घडी घालून भांड्याखाली ठेवलंत, म्हणजे ते सरकणार नाही. आणि भांडं हळूच फिरवलंत. कान उजवीकडं होता, तो डावीकडं आला. कुणाला काही बोलला नाहीत, आप्पांच्या खिशातल्या हाताकडं बघितलंही नाहीत. फक्त म्हणालात, “मास्तर, दाबा की. गडबड काय न्हाई.”

आप्पांनी डाव्या हातानं दाबलं. दट्ट्या सावकाश खाली गेला. मग, काका, त्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि त्या थरथरत्या हातानं कप धरला. थोडी सांडली, तुमच्या काउंटरवर. तुम्ही त्याच फडक्यानं पुसून घेतलीत आणि विचारलंत, “कडू न्हाई ना झाली?”

शोरूममधल्या त्या माणसाच्या आणि तुमच्या वागण्यात फरक केवढा, तर भांडं अर्धं फिरवण्याएवढा. ते वळवायला तुम्हाला एक क्षण लागला असेल. आम्ही घरातल्यांनी दोन वर्षांत त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. एखादी वस्तू त्यांच्या हाताकडं वळवून ठेवावी हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. माणूस बघून वस्तू देणारी माणसं आपल्या गावात आहेत, नाक्यानाक्यावर आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही सांगितलेलं सगळं आप्पांनी त्यांच्या मास्तरी अक्षरात, थोड्या वाकड्या ओळींत, कागदावर लिहून फळीला चिकटवलंय. आधी गरम पाण्यानं भांडं विसळायचं. 20 ग्रॅम पूड, जाड्या रव्यासारखी दळलेली. आमच्याकडं फिल्टर कॉफीची बारीक पूड यायची, ती जाळीतून वर येते आणि दट्ट्याही अडतो. अडला तर जोर लावायचा नाही, तोटीतून गरम पाणी उडतं; थोडा वर घेऊन पुन्हा सावकाश दाबायचा. कॉफी झाली की सगळी ओतून घ्यायची. भांडं गरम राहतं म्हणून आतच ठेवली तर चोथ्यावर ती मुरत राहते आणि कडू होते. या शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्यात.

चहाचंही तसंच. जाळी दाबली म्हणजे पत्ती पाण्यातून वेगळी झाली असं नाही, ती खालीच असते. आईसाठी ते गवती चहाची पाती कात्रीनं कापून, आलं ठेचून त्यात टाकतात आणि दहा मिनिटं झाकून ठेवतात. ओततानाही वाफ येते. दूध कपात, भांड्यात नाही, नाहीतर जाळीला तेलकटपणा धरतो. कॉफीचा वास चहाला लागू नये म्हणून तुम्ही दुसरी जाळी दिलीत. तिचे पैसे घेतलेत हे फार बरं केलंत. फुकट दिली असती तर आप्पांना ती दया वाटली असती, आणि ते पुन्हा तुमच्या दुकानात आले नसते.

आता साडेचारला स्वयंपाकघरातला दिवा लागतो. मला पडल्या पडल्या किटलीचा आवाज येतो, मग थोडी शांतता, मग आईच्या खोलीकडं जाणारी चप्पल. मी उठत नाही.

येत्या मंगळवारी आप्पांना घेऊन येते. तुमच्यासाठी कॉफी करून आणायचं त्यांनी ठरवलंय. प्रेसमध्ये ठेवली तर कडू होईल म्हणून थर्मासमध्ये ओतून आणणार आहेत, दोनदा बजावलंय मला. कप आम्हीच आणतो, तीन. साखर किती लागते तेवढं कळवा.

तुमची,
मास्तरांची मुलगी